वय विचारलं, ओळख घेतली

(दृश्य : लंडनचं हॅरो उपनगर. शाळा सुटायची वेळ.)

इथे राहणाऱ्या मॉली रसेलनं नोव्हेंबर 2017 मध्ये आपलं आयुष्य संपवलं. ती 14 वर्षांची होती. तिच्या मृत्यूची चौकशी पूर्ण व्हायला जवळजवळ पाच वर्षं गेली. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं इन्स्टाग्रामवर 16,300 पोस्ट जपून ठेवल्या, लाइक केल्या किंवा पुढे पाठवल्या होत्या. त्यातल्या 2,100 पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या या विषयांवरच्या होत्या. पिंटरेस्ट हे चित्रं जमवण्याचं संकेतस्थळ तिला ईमेल पाठवून तशीच आणखी चित्रं सुचवत होतं. सप्टेंबर 2022 मध्ये कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, निष्कर्ष नोंदवला, की या मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा होता आणि तो किरकोळ म्हणता येणार नाही.

इंटरनेटवर वयाचा पुरावा मागणाऱ्या, म्हणजे वयपडताळणीच्या कायद्यांबद्दल शंका घेणाऱ्यांना मुलांची पर्वा नाही, असं सर्रास म्हटलं जातं. आम्ही शंका घेणार आहोत. म्हणूनच मॉलीचं नाव सगळ्यात आधी घेतलं.

(दृश्य : वेस्टमिन्स्टर, संसदेची इमारत.)

ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाला. त्याची अंमलबजावणी ऑफकॉम या नियामक संस्थेकडे आहे. नियम मोडणाऱ्या कंपनीला 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या 10 टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तितका दंड होऊ शकतो. मुलांपुढे काय वाढून ठेवायचं हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमना आवर घालण्याची जबाबदारीही या कायद्यानं कंपन्यांवर टाकली आहे, आणि मॉलीच्या बाबतीत दुखणं नेमकं तिथे होतं. पण सामान्य ब्रिटिश माणसाला हा कायदा दिसला तो वेगळ्याच रूपात. 25 जुलै 2025 पासून त्याच्या स्क्रीनवर प्रश्न येऊ लागला : तुम्ही 18 वर्षांचे आहात हे सिद्ध करा.

सिद्ध करायचं कसं? ओळखपत्राचा फोटो द्या. कॅमेऱ्यापुढे चेहरा धरा, संगणक वयाचा अंदाज बांधेल. क्रेडिट कार्ड चालेल. बँकेकडून किंवा मोबाइल कंपनीकडून खात्री करून घेता येईल. ऑफकॉमला यातले बरेच मार्ग मान्य आहेत. ही अट फक्त अश्लील संकेतस्थळांपुरती आहे, असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या आणि लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांच्या गटांपुढेही हे दार उभं राहिल्याच्या बातम्या आल्या. ज्या ठिकाणी माणूस नाव लपवूनच जातो, नाव लपवता येतं म्हणूनच जातो, तिथे आता आधी चेहरा दाखवायचा.

आपल्याकडे रेल्वेत टीसी ओळखपत्र मागतो. बघतो, परत देतो आणि पुढच्या सीटकडे वळतो. त्याची झेरॉक्स काढून तो घरी नेत नाही. इंटरनेटवर दाखवलेलं ओळखपत्र मात्र दाखवून संपत नाही. त्याची प्रत तयार होते, ती कुठल्या तरी सर्व्हरवर जाते. तिथून ती कधी पुसली जाणार आणि खरंच पुसली गेली का, हे देणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

(दृश्य : डिस्कॉर्ड ॲपची खिडकी, हेडफोन लावलेली मुलं.)

डिस्कॉर्ड हे गेम खेळणाऱ्यांचं लाडकं ॲप. चेहरा तपासणीचा व्हिडिओ तुमच्या फोनबाहेर जात नाही, असं त्यांचं सांगणं होतं. पण यंत्राचा अंदाज चुकतो. 18 च्या आसपासच्या चेहऱ्यांवर तर जास्तच चुकतो, कारण 17 आणि 19 यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. मग ज्याला यंत्रानं चुकून लहान ठरवलं, त्यानं काय करायचं? तक्रार करायची आणि सोबत सरकारी ओळखपत्राचा फोटो जोडायचा. या तक्रारी हाताळायच्या तर ग्राहकसेवा लागते, आणि ती बाहेरच्या कंपनीकडे दिलेली होती.

ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्डनं जाहीर केलं, की या बाहेरच्या यंत्रणेत घुसखोरी झाली असून सुमारे 70,000 जणांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. ही माणसं कोण होती? यंत्राचा निकाल मान्य नाही म्हणून ज्यांनी नियमानुसार दाद मागितली, ती. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख आणि चेहरा कुठून बदलणार?

दुसरीकडे, काही खेळाडूंनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून हीच तपासणी पार केली होती.

(दृश्य : नकाशावर लंडनहून ॲम्स्टरडॅमकडे जाणारी रेषा.)

तपासणी चुकवायला लोक व्हीपीएनकडे वळले. 25 जुलैच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनमधून दर तासाला होणारी आपली नोंदणी 1,400 टक्क्यांहून जास्त वाढली, असं प्रोटॉन व्हीपीएन या कंपनीनं सांगितलं. ॲपच्या याद्यांत व्हीपीएन वरच्या क्रमांकांवर गेले. कायदा रद्द करा म्हणणाऱ्या संसदेच्या अर्जावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरकारनं तसा विचार नसल्याचं उत्तर दिलं.

व्हीपीएन नेमकं काय करतो? तुमच्या फोनपासून एका दूरच्या सर्व्हरपर्यंत तो कुलूपबंद वाट काढतो. तुम्ही लंडनमध्ये बसलेले असता, पण संकेतस्थळाला पत्ता दिसतो ॲम्स्टरडॅमचा. तिथे ब्रिटनचा कायदा लागू नाही, म्हणून प्रश्नच येत नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीलाही तुम्ही कुठे गेलात ते दिसत नाही. ते दिसतं व्हीपीएन कंपनीला. म्हणजे विश्वास नाहीसा झाला नाही, तो एका कंपनीकडून दुसरीकडे गेला. फुकट मिळणाऱ्या अनेक व्हीपीएनचा धंदा वापरणाऱ्याच्या माहितीवरच चालतो. घाबरून जे पहिलं ॲप दिसेल ते उतरवून घेणारा 15 वर्षांचा मुलगा, त्याला ज्या धोक्यापासून वाचवायचं होतं त्याहून वाईट हातात जाऊ शकतो. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी व्हीपीएनवरही वयाची अट घाला, अशी मागणी केली. तशी अट आली, तर हेरगिरीपासून बचाव म्हणून व्हीपीएन घेणाऱ्यालाही आधी ओळखपत्र द्यावं लागेल.

ओळख लपवून इंटरनेट वापरायचं टॉर हे आणखी एक साधन. त्याची रचना वेगळी आहे. त्यात संदेश एकामागून एक तीन सर्व्हरांमधून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला कुठे ते कळतं, कोण ते नाही. पूर्ण चित्र कुणा एकाकडे नसतं. रशियानं डिसेंबर 2021 मध्ये टॉरचं संकेतस्थळ बंद केलं. तिथले लोक टॉरच्याच स्नोफ्लेक या सोयीचा आधार घेतात. त्यात जगभरचे स्वयंसेवक आपला ब्राउझर काही काळ मधला दुवा म्हणून उघडा ठेवतात. 1 सप्टेंबर 2025 पासून रशियात सरकारनं ‘अतिरेकी’ ठरवलेला मजकूर जाणूनबुजून शोधणं हाही दंडाचा गुन्हा आहे. नुसतं शोधणं. हे तंत्रज्ञान मुळात अशा माणसांसाठी टिकवलेलं आहे, आणि लोकशाही देशांनी त्यावर बंदीची भाषा सुरू केली की हुकूमशहांना आयतं उदाहरण मिळतं.

(दृश्य : पालघर रेल्वे स्थानक.)

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर पालघर आठवा. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल इथल्या एका तरुणीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम 66अ चा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवलं, पण दोघींच्या वाट्याला अटक आलीच. नाव न सांगता लिहिता-वाचता येण्याची किंमत महाराष्ट्रानं जवळून पाहिली आहे.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांक पाच वर्षं सांभाळायला सांगितलं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. आणि 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. 18 वर्षांखालच्या प्रत्येकाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी, असं हा कायदा म्हणतो. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही त्यात मनाई आहे. ही मनाई फार मोलाची आहे, मॉलीच्या प्रकरणातून शिकायचं तर हेच. पण मूल कोण आणि मोठा कोण हे ठरवायला कंपन्या सगळ्यांनाच विचारू लागतील. पालकांचं वय डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकननं, म्हणजे डिजिटल दाखल्यानं, पटवता येईल, अशी सोय नियमांत आहे.

टोकन ही वाट बरोबर दिशेनं जाऊ शकते. जुलै 2025 मध्ये युरोपीय आयोगानं वयपडताळणीच्या ॲपचा आराखडा पुढे ठेवला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन या देशांनी तो आधी आजमावायचं ठरवलं. संकेतस्थळाला फक्त ‘18 पूर्ण’ एवढंच कळावं, नाव नाही, जन्मतारीख नाही, आणि दाखला देणाऱ्यालाही तो कुठे दाखवला ते कळू नये, असा त्यामागचा हेतू आहे. गणितानं हे शक्य आहे. अट एकच, की रचना करतानाच तसं ठरवावं लागतं. माहिती एकदा गोळा झाली की मागाहून ती न जमवल्यासारखी करता येत नाही.

आपले नियम पूर्णपणे लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे 2027 पर्यंत. तोवर सरकारला आणि कंपन्यांना विचारायचे प्रश्न हे आहेत : टोकन दिल्यावर ते कोणत्या ॲपवर वापरलं याची नोंद कुठे राहणार? किती दिवस? ती पोलिसांनी मागितली तर न्यायालयाचा आदेश लागणार का? ज्या आईकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही, तिच्या मुलीसाठी संमती कोण देणार? आणि यंत्रानं एखाद्याला चुकून लहान ठरवलं, तर दाद मागताना त्याला पुन्हा ओळखपत्राचा फोटोच पाठवावा लागणार आहे का?