आशा ताई व्हायचंय? कोर्स शोधू नका, आधी बाळाचा श्वास एक मिनिट मोजायला शिका!

नमस्कार ताईंनो. आणि दादांनो, तुम्हीही बघता, माहितीय मला. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच होत्या: "ताई, आशा वर्करचा कोर्स कुठे करायचा? फी किती?"

तर पटापट सांगते. कोर्स नाही, फी नाही. आशाची आधी निवड होते, प्रशिक्षण त्यानंतर. बाई त्याच गावची रहिवासी हवी, वय 25 ते 45, लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित. दहावी पास हवी, आदिवासी भागात आठवीवरही घेतात. साधारण हजार लोकांमागे एक आशा, हा देशपातळीचा नियम. निवड ग्रामसभेतून होते, त्यामुळे आधी ग्रामपंचायतीत आणि उपकेंद्रात जाऊन जागा आहे का ते विचारा. कुणी पाच हजार घेऊन "आशा सर्टिफिकेट" देतो म्हणाला, तर त्याला चहाही पाजू नका.

"माहेरच्या गावात करू का?" राहता कुठे? सासरी ना? मग सासरच्या गावात. "पगार किती?" पगार नाही, मोबदला. आपण स्वयंसेविका, कामागणिक पैसे मिळतात. यावर मी बोलायला लागले तर आजचा व्हिडिओ दोन तासांचा होईल, म्हणून तो विषय वेगळा ठेवते.

निवड झाली की आधी 8 दिवसांचं प्रशिक्षण. पुढे मोड्यूल 6 आणि 7, म्हणजे प्रशिक्षणाचे पुढचे भाग, चार फेऱ्यांत, प्रत्येक फेरी 5 दिवसांची. हात धुणं, बाळाला गुंडाळणं, झोळीच्या काट्यावर वजन, थर्मामीटर, हे सगळं बाहुलीवर करून घेतात. हात धुतल्यावर पदराला पुसलेत की परत धुवायला लावतात, बरं का. माझे तीनदा धुवून घेतले होते.

आता मुद्द्याचं. श्वास मोजणे.

हसू नका. एका दादाने लिहिलंय, "एक मिनिट मोजायला काय शिकायचं असतं?" दादा, माझ्या गटातल्या नव्या आशा सगळ्यात जास्त इथेच चुकतात. मीही चुकले होते.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर तो धोका. लगेच थांबायचं, परत मोजायचं. दुसऱ्यांदाही तेच आलं तर बाळ दवाखान्यात. नियम एवढाच. घोटाळा "मिनिट" या शब्दात होतो. सगळ्या करतात काय? तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट. नाडीला कुठेतरी बघितलेलं असतं ना!

बाळाचा श्वास घड्याळासारखा नसतो हो. भरभर घेतं, मग हळू, मध्येच दोन-चार सेकंद घेतच नाही, परत सुरू. तुमची तीस सेकंदं त्या थांबलेल्या वेळेत सापडली तर? आकडा कमी आला, दुप्पट केला, म्हणजे चूकही दुप्पट.

माझं सांगते. बाळ जन्मल्यानंतर सातव्या दिवसाची गृहभेट होती. स्वयंपाकघराला लागून अंधारी खोली, चुलीचा धूर, आजीने बाळाला कुंची घालून दुपट्यात असं घट्ट बांधलेलं की नाकच तेवढं दिसत होतं. मला पुढे लसीकरणाला पोचायचं होतं. दुपटं वर सरकवलं, तीस सेकंदं मोजली. 28. दुप्पट 56. फॉर्मवर 56 लिहून मोकळी. तेवढ्यात सिस्टर आल्या. घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पूर्ण मिनिट लाव." लावलं. 63. परत लावलं. 65. मग 102 ची गाडी बोलावली. ते बाळ आता पाचवीत आहे, मला बघितलं की पळून जातं. इंजेक्शनवाली समजतं. अरे, मी इंजेक्शन देतच नाही!

दुसरी चूक. एका ताईने कमेंट केली, "माझ्या बाळाचे 110 आले, घाबरले मी." विचारलं, मोजलं कसं? तर पोट वर गेलं की एक, खाली आलं की दोन! नाही ताई. वर आणि खाली मिळून एकच श्वास. फक्त वर जाताना मोजा. दूध पिताना नाही, रडताना नाही. शांत असताना, पोट उघडं करून. आणि आत थंडी वाजत असेल तर आधी दार लावा.

आता तिसरी चूक सांगते, कारण परवाच्या बैठकीतही तीच झाली. डोळे दोन, पण बघायचं एकाच जागी. घड्याळ मनगटावर आणि पोट तिकडे असेल तर मान हलते, एक श्वास सुटतो. किटमधलं घड्याळ काढून बाळाच्या पोटाशेजारी धरा. शेजारी हं, पोटावर नाही. एका नजरेत दोन्ही दिसलं पाहिजे. आणि साठ सेकंद. तीस नाही. साठ.

घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत घडलीय, माहितीय का? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था. गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मण्यांची चौकट केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सोबत वाळूचं घड्याळ, आणि ते पूर्ण एका मिनिटाचं! लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया त्यावर न्यूमोनिया ओळखायच्या. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आपण जातो. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. त्याचं मूळ तिथलं.

तर आता काम तुम्हाला. माझ्या भाचीच्या बाळाचं पोट दाखवते, तोंड दिसणार नाही, तिला विचारून घेतलंय. कोपऱ्यात घड्याळ आहे. मोजा आणि आकडा कमेंटमध्ये टाका. क्लिप पूर्ण एक मिनिटाची आहे, त्यामुळे अर्ध्यातच कुणी उत्तर टाकलं तर मला कळणार आहे. चला, हे बघा... सुरू.