संरक्षण आणि ताबा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘पोलीस, समाज आणि मनोरुग्ण’. सिंहस्थाआधी नाशिकने काय करायला हवं, ते शेवटी सांगणार आहेच. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या.

आपल्या नाशकात मेनरोडवर, शालिमारला किंवा गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, एखादा माणूस फाटक्या कपड्यांत, स्वतःशी बोलत फिरताना दिसतो. कुणीतरी फोन करतं, गाडी येते आणि आपण म्हणतो, पोलिसांनी त्याला ‘ताब्यात’ घेतलं. कायद्याचा शब्द ‘संरक्षण’ आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, तो लागू झाला २९ मे २०१८ला. त्याचं कलम १०० सांगतं की स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस हद्दीत भटकताना आढळला, तर ठाणे प्रमुखाने त्याला संरक्षणात घ्यायचं. का घेतलं, हे त्याला सांगायचं. लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. चोवीस तास ही कमाल मर्यादा आहे. तेवीस तास बाकड्यावर बसवून ठेवायची ती परवानगी नव्हे.

१९८७च्या जुन्या कायद्यात अशा माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागे. सवय इतकी चिवट, की ‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा’ हे वाक्य अजून ऐकू येतं. रस्त्यावर सापडलेल्या माणसाचा पहिला थांबा आता डॉक्टर आहे.

आता माझं खरं दुखणं. मोठा उत्सव किंवा बड्या पाहुण्याचा दौरा आला, की रस्त्यावरची अशी माणसं गाडीत घालायची आणि हद्दीबाहेर, हायवेला सोडून यायची, ही पद्धत अनेक शहरांत चालत आलेली आहे. कागदावर तिचा मागमूस नसतो. तिने काय तुटतं ते बघा. त्या माणसाला चहा देणारी टपरी ठरलेली असते. रात्री निजायचा ओटा ठरलेला असतो. एखादी फुलवाली मावशी त्याला रोज अर्धी भाकरी देते. तेवढीच त्याची दुनिया असते, ती एका रात्रीत जाते. घरचे फोटो घेऊन शोधत आले, तर ज्या चौकात त्याला ओळखणारे आहेत, तिथे तो नसतो. आणि ज्या रस्त्यावर तो आहे, तिथे रात्री ट्रक भरधाव जातात.

हे क्रौर्य आहे, पण त्यामागे एक साधं गणितही आहे. रात्रपाळीचे दोन शिपाई माणूस घेऊन दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, जातात. तिथे कुणाचा विभाग, कोण सही करणार, सोबत नातेवाईक का नाही, यात पाच-सहा तास जातात. तिकडे त्यांचं बीट, म्हणजे गस्तीचा भाग, उघडं पडतं. पुढच्या वेळी तोच शिपाई हद्दीचा रस्ता धरतो. त्याला करुणेवर कितीही व्याख्यानं द्या, ते तास कमी केल्याशिवाय फरक पडणार नाही.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराला हे उमगलं. १९८७ साली तिथे चाकूने स्वतःलाच जखमा करून घेणाऱ्या २७ वर्षांच्या तरुणावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर १९८८मध्ये पोलीस, रुग्णांचे नातेवाईक आणि विद्यापीठ एकत्र बसले. गस्तीवरच्या स्वेच्छेने आलेल्या शिपायांना ४० तासांचं प्रशिक्षण मिळालं. सगळे त्या ४० तासांचं कौतुक करतात. मला मोलाची वाटते ती दुसरी अट: पोलिसाने आणलेल्या माणसाला दवाखाना परत पाठवणार नाही, आणि पोलिसाला पटकन मोकळा करणार.

आणखी एक, भाषेचं. नाशिकरोड स्टेशन मुंबई-भुसावळ मार्गावर आहे. बिहार, बंगाल, ओडिशातून निघालेला माणूस गाडीतून कुठेही उतरतो. आपल्याला जे ‘बरळणं’ वाटतं, ते कित्येकदा नीट ओडिया असतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्या त्या मुलखातले कामगार आहेत. एकाला फोन लावून दिला, तरी गाव कळू शकतं. पत्ता सरळ विचारू नका. आठवडी बाजार कुठला, जवळचं स्टेशन कुठलं, शाळा कुठली, ते विचारा. उपचार सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की बऱ्याच जणांना गावाचं नाव आठवतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने हेच काम, रस्त्यावरच्या अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं, वर्षानुवर्षं केलं. त्यासाठी त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मिसळ कुठली चांगली, यावर आत्ता इथे दोन तट पडतील. (हशा) तुमच्या चौकातल्या त्या माणसाचं नाव किती जण सांगू शकतील?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो. जिल्हा रुग्णालयात एक ठरलेलं टेबल, प्रत्येक पाळीत जबाबदार डॉक्टरचं नाव फळ्यावर. आधी रक्तातली साखर, ताप, डोक्याला मार आणि दारू तपासा. साखर उतरलेला मधुमेही बहकलेल्या माणसासारखाच वागतो, आणि दारू अचानक सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी भास होतात. सोबत एक पानी हस्तांतर पत्रक: कुठे, किती वाजता सापडला, कुणी पाहिलं, भाषा, अंगावरच्या खुणा, जवळच्या वस्तू, ठाण्याच्या डायरीतला नोंद नंबर. डॉक्टरची सही झालेली कार्बन प्रत शिपायाला द्यायची. ती हातात पडली की तो मोकळा. डॉक्टरने दाखल करण्याची गरज नाही म्हटलं, तर माणसाला घरी किंवा बेघर निवाऱ्यात पोचवणं हे पोलिसाचं काम. परत फुटपाथवर सोडायचं नाही.

प्रत्येक बीटमध्ये एक रिक्षा स्टँड, एक फुलवाली, एक टपरीवाला नेमा. त्यांनी एवढंच करायचं: गर्दी हटवायची, एकानेच बोलायचं, दीड हात लांब आणि जरा बाजूला उभं राहायचं, पाणी पुढे करायचं. भासांवर वाद नको, मागून धरणं नको, व्हॉट्सॲपवर फोटो नको. पोलीस अकादमी नाशिकला, आरोग्य विद्यापीठही नाशिकला. पोलीस आणि डॉक्टर दोघांचं एकत्र प्रशिक्षण घ्यायला कुणाला मुंबई गाठायची गरज नाही.

घरी गेल्यावर औषध तुटलं, तर माणूस पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. काहींना गोळ्यांऐवजी दोन ते चार आठवड्यांनी एक इंजेक्शन चालतं, डॉक्टरांना विचारा. घरच्यांसाठी टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. जिवाला धोका दिसला तर ११२, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की माणूस आजारी आहे.