मसुराची पोटली आणि आरशाची लेन्स
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

(पडदा काळा. मागांचा आवाज. हळूहळू उजेड येतो.)

हा आवाज बेळगावच्या वडगावचा. शहापूरला चिकटलेल्या या गल्ल्यांत पहाटे साडेपाचला कोंबडा आरवला तरी ऐकू येत नाही. माग चालू असतात.

मामांची रात्रपाळी आत्ता सुटली. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते, आपणही मामाच म्हणू. खांद्याला पिशवी आहे, डब्याची वाटते. डबा आहेच. पण डब्याच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं जे काही आहे, ते बघायला आपण आलोय.

(टॉवेल उलगडतो. लेन्स.)

बुटकी, जाडजूड, तांब्याएवढी. आणि समोरच्या काचेच्या बरोबर मधोमध, कपाळावर मोठं काळं कुंकू लावावं तसा एक गोल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काच फुटली म्हणून कुणीतरी ठिगळ लावलंय. आमच्या कॅमेरामनलाही तसंच वाटलं होतं.

ही ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. एवढ्या ताकदीची नेहमीची लेन्स हातभर लांब असते, ती धरायला तिपाई लागते आणि घ्यायला काही लाख रुपये. ही मामांनी सेकंडहँड घेतली, पाच हजारांत. तीही दोन हप्त्यांत.

(मामा लेन्स उजेडाकडे धरून आत बघतात.)

आत बघा. नळीच्या तळाला एक वाटोळा आरसा चमकतोय, आणि त्याच्या मधोमध भोक आहे. पुढून आलेला उजेड आधी या आरशावर आपटतो. तिथून उलटा फिरून पुढे येतो. पुढच्या काचेला आतून एक छोटा आरसा चिकटवलाय. आपण बाहेरून बघितलेलं काळं कुंकू ही त्याचीच पाठ. तो छोटा आरसा उजेडाला परत मागे ढकलतो, आणि उजेड तळातल्या भोकातून कॅमेऱ्यात शिरतो. एकाच नळीत तीन फेऱ्या. म्हणून हातभर लांबीचं काम तांब्याएवढ्या जागेत होतं.

कल्पना आजची नाही. दोन आरशांच्या दुर्बिणीची ही रचना कॅसेग्रेन या फ्रेंच माणसाच्या नावानं १६७२ पासून ओळखली जाते. पुढे १९४१ साली रशियात मक्सुतोव्हनं आरशापुढे एक वाकडी काच बसवून तिच्यातला दोष काढला. त्याच घराण्यातल्या एमटीओ नावाच्या रशियन लेन्सांना १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात मोठं बक्षीस मिळालं. नंतर निकॉननं, तामरॉननं अशा लेन्स काढल्या. कोरियात सॅमयांगनं स्वस्तातल्या काढल्या आणि त्या जगभर निरनिराळ्या नावांचे शिक्के मारून विकल्या गेल्या. मामांच्या लेन्सवरचा शिक्का आधीच्या मालकाच्या हातानं घासून गेलाय. कोणत्या घरची लेक आहे, सांगता येत नाही.

(चकती. लेन्सच्या मागच्या बाजूचे आटे, जवळून.)

आता ही चकती, लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणारी. आम्ही या चकतीवर जवळजवळ एक सकाळ घालवली. तुम्हीही दोन मिनिटं द्या.

लेन्सच्या पाठीला ४२ मिलिमीटरचे आटे आहेत. याला टी-माउंट म्हणतात, १९५७ साली तामरॉननं आणलेलं. यावर आपापल्या कॅमेऱ्याची चकती फिरवून बसवायची की झालं. कॅमेरा बदलला तर लेन्स बदलायची नाही, फक्त काहीशे रुपयांची चकती बदलायची. मामांनी हीच लेन्स आधी रोलच्या कॅमेऱ्यावर लावली, आता जुन्या डीएसएलआर या डिजिटल कॅमेऱ्यावर लावतात.

पण यात एक खोच आहे. जुन्या पेंटॅक्स पद्धतीच्या स्क्रू लेन्सचे आटेही ४२ मिलिमीटरचेच. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. फरक दोन आट्यांमधल्या अंतरात आहे. तिथे एक मिलिमीटर, इथे पाऊण. मामांना पहिल्यांदा एका दुकानदारानं चुकीची चकती दिली. अर्धा फेरा गेली आणि अडकली. जोर लावला असता तर आटे गेले असते.

"मग काय केलंत?"

"काय करतोय? रात्रभर ठेवली तशीच. सकाळी डोकं थंड झाल्यावर उलटी फिरवून काढली."

(पहाट. येळ्ळूर रस्त्याच्या बाजूचं शिवार. धुकं.)

हे शिवार. भात कापून झालंय, ओल धरून मसूर पेरलाय. लांब येळ्ळूरचा राजहंसगड. या लेन्समधून बघितला की गड आणि बांधावरचं बाभळीचं झाड एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, मधलं सगळं अंतर घडी घालून ठेवल्यासारखं.

मामा बांधाला टेकून बसतात आणि पिशवीतून एक कापडी पोटली काढतात. पोटली बांधावर ठेवायची, तिच्यावर लेन्स टेकवायची. थोडं दाबलं की लेन्स आपली जागा करून घेते. आत वाळू असेल असं आम्हाला वाटलं होतं. आत मसूर आहे. "वाळू झिरपते आणि आट्यात जाते. मसूर जात नाही. आणि लईच वेळ बसायला लागलं तर घरी नेऊन आमटी करता येते." आमटी कधी केली नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

पोटली लागते, कारण या लेन्समध्ये हात हलला तर सावरून घेणारं काही नाही. जुना ठोकताळा असा, की ५०० मिलिमीटरला शटर फार तर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं राहावं. मामांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पट्टी, छोटा, त्यामुळे दृश्य ७५० मिलिमीटरच्या लेन्सइतकं जवळ येतं, आणि हाताचा थरथराटही तेवढाच मोठा होतो. म्हणून ते हजाराच्या खाली सहसा उतरत नाहीत.

(कॅमेऱ्याचा पडदा. छिद्राच्या आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.)

कॅमेऱ्याच्या दृष्टीनं त्याच्यावर लेन्सच नाही. दोघांत विजेचा काही संबंध नाही. निकॉनच्या साध्या बॉडीवर उजेड मोजणारं मीटरसुद्धा चालत नाही. उजेड आत घेणारं छिद्र कमी-जास्त करायची सोय नाही, त्याचं माप एफ/८ म्हणजे एफ/८. त्यातही मधला काळा गोल थोडा उजेड खातो. मामांचं गणित तोंडपाठ आहे: उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची तयारी, ४००, शटर सेकंदाचा हजारावा भाग. ढग आले की आयएसओ दुप्पट. बगळा असेल तर शटरचा वेग थोडा वाढवायचा, नाहीतर त्याची पिसं पांढऱ्या चुन्यासारखी सपाट येतात. एक फोटो काढायचा, पडद्यावर बघायचा, चाक एक-दोन घर फिरवायचं. मीटरवाल्यांना हे मागासलेलं वाटेल. मला विचाराल तर महिनाभर असं काम केलेल्या माणसाला उजेड कळतो. महाग कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या कितीतरी जणांना तो कळलेला नसतो, आणि त्यांत मीही आलो.

(मामांची बोटं फोकसच्या कड्यावर. लांब शॉट.)

आता खरं काम. फोकस.

वीस मीटरवर बसलेल्या पक्ष्यासाठी रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम अर्धा मीटर. दहा मीटरवर तो अर्ध्या वितीवर येतो. म्हणजे खंड्या तोंड आपल्याकडे करून बसला, तर त्याचा डोळा आणि शेपटी एकदम रेखीव मिळणं अवघड. कडं केसभर फिरवलं की डोळा जातो आणि मागची काडी येते. मामा पडद्यावर चित्र दहापट मोठं करतात, कडं रेखीव जागेच्या थोडं पलीकडे नेतात, परत अलीकडे आणतात, पुन्हा पलीकडे. प्रत्येक वेळी कमी-कमी. पाळण्याची दोरी सोडत यावी तसं.

लोकांना वाटतं, तुटलेला धागा जोडणारी बोटं, म्हणून यांना हे जमतं. आमच्या पहिल्या कच्च्या निवेदनात आम्हीही तसंच लिहिलं होतं. मामांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "मागावर बोटांचं काय नसतंय. कान लागतो. धागा तुटला की आवाज बदलतोय." वाक्य आम्ही काढून टाकलं.

कड्यावर हा लाल ठिपका दिसतोय? भाचीची नेलपॉलिश. कडं अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेवर थांबत नाही, त्याच्याही पुढे फिरतं. थंडी-उन्हानं नळी आणि आरसे किंचित आकसतात-फुगतात, त्यासाठी ही जागा मुद्दाम सोडलेली असते. त्यामुळे शेवटापर्यंत फिरवलं की चंद्रसुद्धा धूसर येतो. गच्चीवर एका पौर्णिमेला तासभर खटपट करून मामांनी खरी जागा शोधली आणि तिथे ठिपका दिला.

(चंद्राचा फोटो.)

हा त्या रात्रीचा. चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्साही चंद्रानं भरलेला नाही. ५०० मिलिमीटर म्हटल्यावर चंद्र खिडकीत येऊन बसेल असं वाटतं, पण सेन्सरवर तो साडेचार मिलिमीटरचाच पडतो. तरी कडेची विवरं बघा. कडेला जांभळी-हिरवी किनार नाही. आरसा सगळ्या रंगांना एकाच जागी परत पाठवतो, काचेला ते सहज जमत नाही.

(बगळा. मागे पाण्यावर उन्हाचे असंख्य गोल.)

आणि हे या लेन्सचं सगळ्यात बदनाम चित्र. बगळा रेखीव आहे, पण मागे पाण्यावरचा प्रत्येक चमकता ठिपका पोकळ गोल झालाय. मधल्या काळ्या कुंकवाची ही सावली. जाणकार याला दोष म्हणतात. मामा बांगड्या म्हणतात. "पाण्यानं बांगड्या भरल्यात की."

नेहमीच बांगड्या भरतात असं नाही. मागे वाळलेलं गवत असेल तर प्रत्येक काडीच्या दोन-दोन काड्या होतात आणि डोळा शिणतो. म्हणून मामा पक्ष्याच्या आधी पक्ष्याच्या मागचं बघतात. मागे लांबवर सपाट शेत हवं, नाहीतर धुकं. फोटो फिकट येतात हीही तक्रार खरी. त्यावर उपाय म्हणजे लेन्सच्या तोंडावरची ही टोपी, साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा वळवून आतून काळा रंग दिलेली. उरलेला फिकेपणा घरी कॉम्प्युटरवर भाचा काढतो.

भाच्याकडे मोबाईल आहे, शंभरपट झूमचा. त्यानंही याच बगळ्याचा फोटो काढला. तो फोटो इथे दाखवू नका, असं त्यानंच सांगितलंय.

(आकाशात एका जागी फडफडणारा पांढरा पक्षी.)

आली.

कापशी घार. पांढरं अंग, खांद्यावर काळे डाग, लाल डोळे. शेतातल्या उंदरांवर नजर ठेवत हवेत एका जागी पंख मारत थांबते. हाताने फोकस करणाऱ्याला उडणारा पक्षी सहसा मिळत नाही. ही थांबते, म्हणून मिळते. शेजारच्या शेताचे मालक कन्नड बोलतात. त्यांनी वर बघून हाक दिली, "हद्दू!" कन्नडमध्ये घारीला हद्दू म्हणतात. सीमाभागात राहून हद्द या शब्दाशी आमचं जन्माचं वैर, त्यामुळे मामांना या नावाचं हसू येतं. घार मात्र दोघांच्या शेतांवर एकाच फेरीत फिरून आली.

(मामा कडं फिरवतात. शटरचे आवाज. घार निघून जाते.)

नऊ वाजले. ऊन चढलं की जमिनीवरची हवा हलायला लागते, आणि एवढ्या लांबच्या लेन्सला ती हवा आधी दिसते. गड पाण्यात बुडाल्यासारखा डुलतोय बघा. आता कितीही नीट फोकस केला तरी उपयोग नाही. मामा पोटली उचलतात.

परतीच्या वाटेवर हे आखीव दगड लागतात. प्लॉट पडलेत. पावसाळ्यात नाल्याचं पाणी आता कुठल्या शेतात शिरेल याचा अंदाज राहिलेला नाही, आणि गल्लीतले मागही कमी होत चाललेत.

(घर. खाट. कॅमेऱ्याचा पडदा.)

पावसाळ्यात ही लेन्स महिनोन्‌महिने बाहेर पडत नाही. बेळगावचा पाऊस आणि आरशावरची बुरशी यांची गट्टी लवकर जमते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ती बसते. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आंचेवर वाळवायच्या. आरशाला मात्र हात लावायचा नाही, फडकंही नाही. धूळ दिसली तरी दिसू द्यायची. ती फोटोत येत नाही, पुसल्याचा ओरखडा येऊ शकतो.

आज एकशे चाळीस फोटो झाले. मामा एकेक मोठा करून डोळा बघतात. गेला. गेला. हललाय. हा गवतावर फोकस झाला. गेला.

एकशे अकराव्यावर अंगठा थांबतो.

(कापशी घार. पंख वर, मान खाली. लाल डोळा रेखीव. मागे धुक्यातलं शिवार.)

मामा तो फोटो कुणाला दाखवत नाहीत. मामींनी चहा आणलाय, तो घेतात. लेन्स टॉवेलात जाते, टॉवेल पिशवीत, वर रिकामा डबा.

"झोपा आता," मामी म्हणतात. "रात्री परत जायचंय."

(मागांचा आवाज. पडदा काळा.)