जनावर मारले कोणी?

श्रोतेहो, नमस्कार. निफाडकडे उसालगत शेळी मेलेली आढळली की सकाळी गावभर बिबट्याचे नाव होते, आणि येवला-नांदगावच्या माळावर मेंढरू गेले की लांडग्याचे. पुष्कळदा हा अंदाज बरोबर असतो. पण तो चुकला तर बंदोबस्त भलत्याचाच होतो आणि खरा मारेकरी पुन्हा कळपावर येतो. शिवाय वन विभागाची भरपाई वन्य प्राण्याने मारलेल्या जनावरासाठी असते, मोकाट कुत्र्यांनी मारलेल्यासाठी नाही. म्हणून मेलेले जनावर हलवण्याआधी ते नीट पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्यांदा गळा पाहावा. बिबट्या नरडे धरून ठेवतो, त्यामुळे तेथे सुळ्यांची मोजकी पण खोल भोके दिसतात, खांद्यावर नखांचे ओरखडे असतात आणि शिकार झुडपात किंवा उसात फरफटत नेल्याची वाट जमिनीवर उमटते. कुत्र्यांची रीत निराळी. मांड्या, शेपटीकडचा भाग, कान, असे जागोजागी फाडलेले असते, आठ-दहा मेंढ्या जखमी होतात आणि खाल्लेले मात्र थोडेच असते. (बंद गोठ्यात शिरलेला बिबट्याही कधी कधी एकापेक्षा अधिक शेळ्या मारतो, हे ध्यानात ठेवावे.) लांडगा कोकरू असेल तर उचलूनच नेतो, वाघुरीजवळ, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीजवळ, नुसती लोकर आणि रक्ताचे थेंब सापडतात.

तरीही सर्वांत भरवशाचा पुरावा कातड्याखाली असतो, आणि नेमका तोच बहुधा कोणी पाहत नाही. पशुवैद्यकाने गळ्यावरचे कातडे सोलले आणि दातांच्या भोकांभोवती रक्त साकळून मांस काळेनिळे झालेले दिसले, तर तो चावा जिवंतपणी बसला आहे. तसे नसेल तर जनावर आधीच रोगाने, पोटफुगीने किंवा सर्पदंशाने मेलेले असू शकते आणि तरस किंवा कोल्हा नंतर आलेला असतो. तरसावर असा आळ फार वेळा येतो. तो मुख्यतः मेलेल्यावर जगणारा, हाडे फोडून खाणारा प्राणी आहे.

ठशांचे थोडक्यात सांगतो. बिबट्याच्या ठशात सहसा नखे उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्रा, लांडगा, तरस यांची नखे उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. मोठा कुत्रा आणि लांडगा मात्र केवळ ठशावरून ओळखण्याचा हट्ट धरू नये.

ठशावर घमेले उपडे घालावे, शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढावा, वन विभागाच्या 1926 या दूरध्वनी क्रमांकावर किंवा वनरक्षकाला कळवावे आणि 48 तासांच्या आत लेखी खबर द्यावी. पंचनामा होईपर्यंत मढे जागेवरच राहू द्यावे. त्यावर विष मात्र कदापि टाकू नये. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या विषाने हरसूलच्या डोंगरातली गिधाडे मरतात, तशीच मेंढपाळांच्या वाड्यावरची राखणीची कुत्रीही मरतात.