हातसामानातला अस्थिकलश

(दृश्य: विमानतळावरचा तपासणीचा पट्टा. ट्रेमध्ये कापडात गुंडाळलेला कलश.)

अस्थी घेऊन निघालेली कुटुंबं अडकतात ती बहुधा इथे. कलश पितळेचा किंवा जाड दगडाचा असतो, निगुतीनं निवडलेला. पण क्ष-किरण यंत्राला त्याच्या आतलं काही दिसत नाही. अमेरिकेत सुरक्षा कर्मचारी अस्थिकलश उघडत नाहीत, नातेवाइकांनी स्वतःहून विनंती केली तरी नाही. मृताचा मान राखण्यासाठी केलेला हा नियम, आणि त्याच्यामुळेच कलश विमानात चढत नाही! म्हणून प्रवासापुरता हलक्या लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. शोभेचा कलश रिकामा न्यावा.

सोबत मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हवा. देशाची सीमा ओलांडायची असेल, तर वकिलातीचं पत्रही बऱ्याचदा मागतात. कलश सामानात टाकू द्यायचा की नाही, हे प्रत्येक विमान कंपनी आपापलं ठरवते. मुभा असली तरी तो हातातच ठेवावा. हरवलेल्या बॅगेची भरपाई मिळते, अस्थींची कशी मिळणार?

(दृश्य: दाहिनीचं बंद दार.)

दाहिनीत तापमान साधारण ८०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. मागे उरतात हाडं, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. शस्त्रक्रियेत बसवलेले स्क्रू, कृत्रिम सांधे बाजूला काढतात. मग अनेक देशांत हाडं यंत्रात दळून त्यांची भुकटी करतात. मोठ्या माणसाच्या अस्थी साधारण २ ते ३ किलो भरतात.

(दृश्य: जपान. लांब चॉपस्टिक हातात घेतलेले नातेवाईक.)

जपानमध्ये मात्र हाडं दळत नाहीत. घरचीच माणसं दोघादोघांनी मिळून ती चॉपस्टिकनं उचलतात आणि कलशात ठेवतात. सुरुवात पायांपासून, म्हणजे माणूस कलशातही उभा राहतो. सगळ्यांत शेवटी मानेचा दुसरा मणका. त्याच्या आकारात ध्यानस्थ बुद्ध दिसतो, असं मानतात. पूर्व जपानमध्ये सगळ्या अस्थी नेण्याची रीत आहे, पश्चिमेकडे काहीच नेतात. त्यामुळे कलशही तिकडे लहान. आणि जेवताना एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, हा तिथला सक्त शिष्टाचार आला तो याच विधीमुळे.

(दृश्य: जर्मनीतलं दफनभूमीचं फाटक.)

जर्मनीच्या बहुतेक राज्यांत कलश घरी ठेवता येत नाही. तो दफनभूमीतच जायला हवा. ब्रेमेननं २०१५ पासून काही अटींवर खाजगी जागेत अस्थी विखुरायला परवानगी दिली. कॅथलिक चर्चनं दहन १९६३ मध्येच मान्य केलं, पण २०१६ च्या सूचनेत अस्थी विखुरायला ठाम नकार दिला.

(दृश्य: अमेरिकेतलं टपाल कार्यालय, मग खुला समुद्र.)

अमेरिकेत अस्थी टपालानं पाठवता येतात. मार्च २०२५ पासून त्यासाठी टपाल खात्याचं ठरावीक खोकंच वापरावं लागतं. समुद्रात सोडायच्या असतील, तर किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल आत जावं लागतं. फुलं वाहायला हरकत नाही, प्लॅस्टिकची मात्र चालत नाहीत. परत आल्यावर ३० दिवसांच्या आत पर्यावरण संरक्षण संस्थेला तसं कळवायचं. आधी परवानगीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.