कडू कुठून आलं, ते आधी ओळखा

मंडळी, आजचा जाहीर विषय बिअर, वाइन आणि ऊर्ध्वपातित दारूतलं कडू. पण वेंगुर्ल्यात कडू चवीवर बोलायचं तर सुरुवात काजूच्या बोंडापासून. बोंड चावलं की घसा धरतो, गाल आत ओढले जातात. त्याला आपण घरी कडू म्हणत नाही. तेच तोंड वाइनच्या पेल्याला लागलं की मात्र सगळंच कडू ठरतं. माझा आजचा आग्रह असा, की पेल्यातला कडूपणा, तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ या तिन्ही गोष्टी आधी वेगळ्या काढा. मग चांगलं-वाईट ठरवा.

कडूपणा ही चव आहे. ती ओळखायला माणसाच्या जिभेवर कडू टिपणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही असतात. तुरटपणा हा स्पर्श आहे. टॅनिन, म्हणजे साल-बियांतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचं वंगण जातं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. जळजळ ही वेदनेच्या नसांची खबर. जिभेच्या फक्त मागच्या भागाला कडू कळतं, हा शाळेतला नकाशा विसरा. कडू सगळ्या जिभेवर कळतं. फक्त ते उशिरा येतं आणि घशापाशी रेंगाळतं. म्हणून वाइन चाखणारा थुंकत असला, तरी बिअर चाखणारा शेवटचा घोट गिळतो.

सराव घरीच करा. पहिला पेला कडूचा: काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणा, बोटाच्या पेराएवढी काडी २०० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग जेमतेम कडू लागेल इतकं पाणी वाढवा. दुसरा तुरटीचा: १ लीटर पाण्यात १ ग्रॅम, तोंडात फिरवून थुंकायचं. तिसऱ्यात एक भाग व्होडका, दोन भाग साधं पाणी. तिन्ही पेल्यांचा घोट पाच सेकंद तोंडभर फिरवा आणि नंतर मनात वीसपर्यंत मोजा. जळजळ लगेच चढते आणि उतरते. तुरटपणा घोटागणिक वाढत जातो. कडू मोजणीच्या मध्यावर कुठेतरी वर येतं. हा क्रम एकदा अंगवळणी पडला, की निम्मं काम झालं.

आता चाखण्याच्या बैठकांबद्दल बोलतो, कारण सगळं बिघडतं ते तिथे. बाटली बर्फात बुडवलेली आणि शेजारी खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेली मांदेली. मीठ कडूपणा दाबतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. आत्ताच करून बघा: टॉनिक वॉटर दोन पेल्यांत घ्या, एकात चिमूटभर मीठ ढवळा. मिठाचा पेला गोड लागेल, कडू मागे जाईल. म्हणजे खाऱ्या तोंडाने तुम्ही जी बिअर 'मवाळ' म्हणून पसंत केली, ती मवाळ नव्हतीच. तिखटामुळे जळजळीचा हिशेब चुकतो, तळणीच्या तेलाने जिभेवर थर बसतो. बर्फाने गोडी आणि वास दोन्ही दबतात, मग उरतो उघडा कडूपणा, आणि बिचाऱ्या बनवणाऱ्याला दोष. लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, ८ ते १० अंशांवर चाखा; एल, म्हणजे उबेत आंबवलेली, १२ च्या आसपास. पुढच्या रांगेतून विचारलं जातंय, "मग मांदेली कधी?" मांदेली पिताना हवीच, फक्त चाखताना नको. चाखताना साधं पाणी आणि बिनमिठाची तांदळाची भाकरी. दोन पेल्यांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्या, एका बैठकीत सहापेक्षा जास्त नमुने नकोत, आणि क्रम कमी कडूकडून जास्त कडूकडे. गोडावर लगेच कडू घेतलंत तर ते आहे त्याहून कडू लागेल.

आणखी एक घोळ किनाऱ्यावरचा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली, की हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांच्या, कडू द्रव्यातून गंधकाचं एक उग्र संयुग तयार होतं. लोक म्हणतात बिअर कडू झाली. नाक चिमटीत धरून घोट घ्या. दोष गायब होतो, कारण तो वासाचा आहे. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणजे जाहीर केलेला विषय आता धावतच. बिअर: हॉप्समधली आल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात, तो मुख्य कडूपणा, तो आयबीयू या एककात मोजतात, १ आयबीयू म्हणजे लीटरला साधारण १ मिलीग्रॅम अशी बदललेली आम्लं. पण आकड्यावर जाऊ नका. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, गोडी भरपूर असेल तर ६० चा आकडाही ४० च्या पातळ पिल्सनरपेक्षा (ही फिक्या रंगाची लागर) सौम्य लागतो. स्टाउट या काळ्या बिअरचं कडू भाजलेल्या धान्याचं असतं. चहासारखा कोरडा ओढणारा तुरटपणा आला, तर धान्य फार गरम पाण्याने धुतलं, सालातलं टॅनिन उतरलं, असं समजा.

वाइन: फिनॉल म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतली द्रव्यं, टॅनिन त्यांतलंच. त्यांचे लहान रेणू जास्त कडू, जोडून मोठे झालेले जास्त तुरट. दाबताना द्राक्षाच्या बिया फुटल्या की कडू वाढतं. रेड फार थंड दिलीत तर टॅनिन आणखी कठोर लागतं.

आणि ऊर्ध्वपातित दारू, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेली, फेणीसकट. टॅनिन वाफेबरोबर वर जात नाही. म्हणून नुसत्या फेणीत कडू आलं, तर बोंडाला दोष देऊ नका. तळाशी चोथा करपला का, भट्टीतून शेवटी येणारी धार बाजूला काढायला उशीर झाला का, तांब्याचा अंश उतरला का, हे तपासा. करपल्याचा वास धुराचा, शेवटच्या धारेचा ओल्या पुठ्ठ्याचा, तांबं जिभेवर धातूसारखं. पिंपात मुरलेल्या दारूचं कडू लाकडाचं. बिटर्सचं, म्हणजे दारूत कडू वनस्पती मुरवून केलेल्या अर्काचं, मात्र मुद्दाम मुरवलेलं: त्यांतली जेंशियन ही वनस्पती आणि आपलं काडेचिराईत एकाच कुळातले, अमारोजेंटिन हे कडू द्रव्य दोघांत. चाखताना ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत ३५ मिली पाणी घाला, म्हणजे सुमारे २० टक्के उरतं. जळजळ खाली बसते, आणि मघाशी झाकलेलं कडू समोर येतं.