मे महिन्यात टीबीच्या गोळ्या का सुटतात

(नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात २४ मार्च रोजी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘क्षयरोगाची औषधं सुरक्षितपणे कशी घ्यावीत’. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला लघवीच्या रंगाबद्दल बोलायचंय, आणि तेही सावकाश. पुढच्या रांगेतले काही जण खाली बघायला लागले. बघू नका. औषधाच्या काउंटरवर उभं राहून माझं आयुष्य गेलंय आणि माझं मत ठाम झालंय. टीबीचा उपचार मध्येच तुटतो त्याची कारणं पुष्कळ आहेत. गरिबी आहे, दारू आहे, कामासाठी गाव सोडणं आहे. पण एक कारण असं आहे की ते दोन वाक्यांत टळतं, आणि तीच दोन वाक्यं कोणी बोलत नाही.

१८८२ साली आजच्याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. म्हणून आज सगळीकडे फेऱ्या निघतात, फलक लागतात. मला या तारखेला वेगळीच धास्ती असते. आज ज्याच्या गोळ्या सुरू होतील त्याचे पहिले दोन महिने, म्हणजे चारही औषधं जोरात चालू असतात तो काळ, नेमका एप्रिल-मेमध्ये येतो. आणि नागपूरचा मे तुम्हाला मी काय सांगावा!

चार औषधं कोणती? आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. सरकारी गोळीत चारही एकत्र असतात, किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड थांबतं आणि बाकीची तीन आणखी चार महिने चालतात. यातलं रिफाम्पिसिन मुळातच विटकरी लाल रंगाचं. ते शरीरातून बाहेर पडतं तेव्हा रंग घेऊनच पडतं. लघवी नारिंगी-लाल होते, घाम रंगतो, थुंकी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती कायमची डागाळते. यात अपाय काहीही नाही. औषध पोटात गेलं, अंगी लागलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता गोळीबार चौकाकडच्या एका विणकराची गोष्ट ऐका. मे महिना, दुपारची वेळ. नवराबायको दोघं आले. त्यानं काही बोलायच्या आत बाईनं पिशवीतून पांढरी बनियन काढून माझ्यापुढे काचेवर पसरली. काखेत आणि पाठीवर नारिंगी डाग. म्हणाली, “सोडा लावला, नीळ लावली, डाग निंगूनच नाही राह्यला जी. यायचं रक्त घामातून चाललं का?”

तिला मी अडाणी म्हणणार नाही, कारण तिनं जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लाल झाली. घरातल्या मोठ्या बाईनं निदान केलं की गोळ्या उष्ण आहेत, उन्हाळी लागली. मग सब्जाचं पाणी, धणे-जिऱ्याचं पाणी, गुलकंद, तळपायाला कांद्याचा रस, सगळं झालं. रंग जाईना. शेवटी गोळ्या बंद केल्या. आणि दोन-तीन दिवसांत लघवी स्वच्छ! आता सांगा, त्या माणसानं काय समजावं? गोळी घेतली की रक्त जातं, गोळी सोडली की बरं वाटतं. डोळ्यांपुढे पुरावा आहे. त्यातून पहिल्या काही आठवड्यांत औषधानं आपलं काम केलेलं होतं. ताप उतरला होता, भूक लागत होती, खोकला कमी झाला होता. म्हणजे रोग गेला आणि उरली फक्त उष्णता, असाच हिशेब कोणीही केला असता. मीही केला असता.

मी एका ग्लासात पाणी घेतलं, रिफाम्पिसिनची कॅप्सूल उघडली आणि चिमूटभर पूड त्यात टाकली. पाणी नारिंगी झालं. बनियन शेजारीच होती. दोघं आळीपाळीनं ग्लासाकडे आणि बनियनकडे बघत राहिले. मग बाई जे बोलली ते मी आजवर प्रत्येक नव्या फार्मासिस्टला सांगत आलोय: “हे त आधीच सांगाले पाह्यजे होतं ना जी!”

आधीच सांगायला पाहिजे होतं. अगदी बरोबर. तो ज्या दवाखान्यातून आला होता तिथे त्याला सांगितलं होतं की सहा महिने गोळ्या चुकवू नका. रंगाबद्दल अक्षर नाही. औषधासोबत येणाऱ्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत, भिंगाखाली धरावं अशा टाइपात, आणि आठ घड्या घालून. रात्रपाळीचा विणकर तो कागद कधी वाचणार? माझी मागणी साधी आहे. पहिली गोळी हातात देतानाच, डॉक्टर असो, फार्मासिस्ट असो की आशाताई असो, तोंडानं सांगायचं: लघवी लाल होईल, घाबरू नका. आणि त्याला लागूनच दुसरं वाक्य: डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच या. पहिल्यानं विनाकारण गोळी सुटत नाही आणि दुसऱ्यानं खरा धोका वेळेत कळतो. आशाताई, तुम्ही मान डोलावताय. तुम्हाला हे रोज भेटतं.

गोळी सुटली तर एवढं काय बिघडतं, असं एका सद्गृहस्थांनी सुरू होण्यापूर्वीच मला विचारलं. रिफाम्पिसिन यायच्या आधी टीबीचा उपचार दीड-दोन वर्षं चालायचा. तो सहा महिन्यांवर आला तो या औषधामुळे आणि पायराझिनामाइडमुळे. म्हणून तर सीबीनॅट यंत्रात थुंकीची तपासणी होते तेव्हा जंतूबरोबरच एक गोष्ट मुद्दाम शोधतात, की हा जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही. अर्धवट औषध खाल्लं की जे जंतू तगून राहतात ते चिवट निघतात, आणि तेच पुढे घरातल्या पोरांच्या छातीत जातात. आणखी एक. मध्ये खंड पडल्यावर आपल्या मनानं पुन्हा रिफाम्पिसिन सुरू केलं तर क्वचित अंग जोरात उलटतं. थंडी-ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात, किडनीलाही इजा होऊ शकते. म्हणून त्या विणकराला मी काउंटरवरून गोळ्या दिल्या नाहीत, आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं. तिथून त्याचा उपचार नव्यानं सुरू झाला आणि पूर्ण झाला.

अध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवताहेत. फळ्यावरचा विषय आता भराभर उरकतो, पण एकेक गोष्ट घरी घेऊन जा.

गोळ्या रोज, एकाच वेळी, उपाशी पोटी. पूर्वी आपल्याकडे सरकारी उपचारात आठवड्यातून तीनदा द्यायचे. २०१७ पासून रोज देतात. घरात जुना पेशंट असला तर त्याचं ऐकून दिवसाआड घेऊ नका. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. सकाळी उठल्याबरोबर घेतल्या तर उत्तम, तर्री-पोहे तासाभरानं. फारच मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं हलकं खाऊन घ्या, पण सोडू नका. ॲसिडिटीचं पांढरं औषध गोळ्यांसोबत घेऊ नका, निदान तासभर जाऊ द्या. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नाहीत.

कावीळ. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. अन्नावरची वासना उडाली, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आठवडा घालवू नका. आणि सहा महिने दारूचा थेंब नाही.

पायांना मुंग्या आल्या तर ते आयसोनियाझिडमुळे असू शकतं, बी-सिक्सची गोळी मिळते. सांधे दुखले तर बहुधा पायराझिनामाइड, त्यावर इलाज आहे. पण सिग्नलचा लाल-हिरवा ओळखायला गडबड व्हायला लागली किंवा अंधुक दिसायला लागलं, तर ते इथॅम्ब्युटॉल. तिथे डॉक्टरांकडे जायला एक दिवसही उशीर करायचा नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि मला पाचच मिनिटं आहेत. रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम वाढवतं. त्यामुळे दुसरी औषधं शरीरातून लवकर निघून जातात आणि पुरत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत. उपचार चालू असेतो आणि नंतरही महिनाभर दुसरं साधन वापरा. डायबेटिसच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिक्लाझाइड, कमी पडतात, शुगर वाढते. स्टेरॉइड आणि एचआयव्हीच्या काही औषधांचंही तेच. हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त पुरेसं पातळ राहत नाही, मग डॉक्टर डोस वाढवतात. आणि सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन थांबलं की तोच वाढवलेला डोस हळूहळू जास्त होतो, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वॉरफरिनवाल्यांनी टीबीचा उपचार सुरू होताना सांगायचं आणि संपतानाही सांगायचं. दोन्ही वेळा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून घ्यायचं.

जाता जाता, टीबीच्या पेशंटच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला एक हजार रुपये मिळतात. नाव नोंदवलं गेलंय ना, बँकेचं खातं जोडलंय ना, ते विचारा.

वेळ संपली. प्रश्न मागच्या टेबलाशी घेतो. ज्यांच्या घरी टीबीचा उपचार चालू आहे आणि सोबत बीपी, शुगर, हृदयाच्या गोळ्याही आहेत, त्यांनी उद्या सगळी पाकिटं पिशवीत घालून इथेच आणा. मी सकाळी दहापासून वाचनालयात आहे, एकेक पाकीट पाहून डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून देतो.